तिसरी उकळी

पत्र : सप्रेम नमस्कार. माझं वय ४४. धायरीत राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझे मोठे दीर करोनाने गेले. बेडसाठी मी रात्रभर फोन करत होते. पहाटे बेड मिळाला, पण उशीर झाला होता. शेवटचं दर्शनही धड झालं नाही. नंतर सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं. पण २०२५ च्या जानेवारीत आमच्या भागात जीबीएसचे (गुलेन बॅरी सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट सापडले आणि माझं पुन्हा सुरू झालं. पाणी तीन-तीनदा उकळते. दुधाच्या पिशव्या साबणाने धुते. मुलगा नववीत आहे, त्याला बाहेरचा वडापावसुद्धा खाऊ देत नाही, त्यावरून रोज भांडण. रात्री अंथरुणावर पडलं की हातापायांना मुंग्या येतात, धडधडतं. ऑक्सिमीटर उशाशीच असतो. सोसायटीचा ग्रुप बघितल्याशिवाय झोप येत नाही आणि बघितल्यावर तर येतच नाही. आता परत करोनाच्या बातम्या सुरू झाल्यात. मिस्टर म्हणतात, ‘तुला येरवड्याला, मनोरुग्णालयात न्यावं लागणार.’ सासूबाई म्हणतात, ‘लोकांनी प्लेग काढला आणि तू एवढ्यातेवढ्याला घाबरतेस.’ मी मुळातच भित्री आहे का? आणि पुन्हा तशी साथ आली तर मी निभावणार कशी?
— एक वाचक, धायरी

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ‘पहाटे बेड मिळाला, पण उशीर झाला होता’ या वाक्यापाशी थांबले. त्याच्याकडे मी येणार आहे. पण आधी मुंग्यांचं बघू, कारण आज रात्री तुम्हाला पुन्हा त्यांच्याशीच गाठ आहे.

घाबरलं की माणूस भराभर आणि वरवर श्वास घ्यायला लागतो. बरेचदा आपल्याला ते कळतही नाही. अशा श्वासात शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. रक्तात तो कमी झाला की बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळल्यासारखी वाटते. आणि छाती आवळली की आपण आणखी जोरात श्वास घेतो. ऑक्सिजन तेव्हा पुरेपूर असतो. म्हणूनच तुमचं ते उशाशी ठेवलेलं यंत्र ९८ दाखवतं आणि तुम्हाला वाटतं, यंत्रच बिघडलंय. तुम्ही पत्रात हे लिहिलेलं नाही, पण माझी पैज आहे की एकदा तरी तुम्ही ते मिस्टरांच्या बोटाला लावून तपासलं असणार.

दुर्दैव असं की जीबीएसची सुरुवातही बऱ्याचदा मुंग्यांनी होते. म्हणजे ज्या आजाराची भीती, त्याचंच लक्षण ती भीती तुमच्या अंगात तयार करते. याहून पक्का सापळा रचता आला नसता. तेव्हा दोन्हींतला फरक नीट समजून घ्या. घाबरल्याच्या मुंग्या धडधडीबरोबर येतात, श्वास शांत झाला की थोड्या वेळात ओसरतात आणि सकाळी त्यांचा मागमूस नसतो. जीबीएसमध्ये खरी गोष्ट अशक्तपणाची. तो बहुतेक वेळा पायांपासून सुरू होतो, दोन्ही बाजूंना असतो आणि तासागणिक, दिवसागणिक वाढत जातो. जिना चढवत नाही, खाली बसलं की हात टेकल्याशिवाय उठवत नाही, चप्पल पायातून निसटते. पुढे गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो. असं काही झालं तर माझं सदर बाजूला ठेवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. तुम्ही मात्र जानेवारीपासून रोज ऑफिसला जाताय, पाण्याची पातेली उचलताय आणि नववीतल्या मुलाशी रोज भांडताय. हे सगळं करणाऱ्या बाईचे स्नायू शाबूत आहेत. तरीही एकदा, फक्त एकदा, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून या. बी-१२ कमी असलं, थायरॉइड किंवा साखरेचा त्रास असला तरी मुंग्या येतात. ते तपासून झालं की तो कागद फाइलला लावून टाकायचा.

रात्री मुंग्या आल्या की उठून बसा. मनात चार मोजेपर्यंत श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा. खोल श्वास घ्यायचा प्रयत्न करू नका, सावकाश सोडण्याकडे लक्ष द्या. पाच मिनिटं पुरतात. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय कोणी सुचवला तर करू नका, तो प्रत्येकाला सुरक्षित नसतो.

आता सासूबाईंचं. त्यांचं वय तुम्ही लिहिलं नाही, पण १८९७ चा पुण्यातला प्लेग त्यांनी पाहिलेला नाही एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते. ‘लोकांनी प्लेग काढला’ हे खरं आहे, पण तो कसा काढला हे आपण शाळेत नीट शिकलोच नाही. आपल्याला रँड माहीत असतो, गणेशखिंड रस्ता माहीत असतो, २२ जून १८९७ ची रात्र आणि चापेकर बंधू माहीत असतात. त्याच्या आधीच्या महिन्यांत पुण्याच्या वाड्यावाड्यांत काय चाललं होतं? माणसं घाबरून गाव सोडत होती, माळावर झोपड्या टाकून राहत होती. गोरे सोल्जर घरात शिरून झडती घेतील, पेशंटला आणि घरच्यांनाही छावणीत नेतील, या धास्तीने लोक तापाने फणफणलेली माणसं घरात लपवत होते. प्लेगपेक्षा झडतीचं भय मोठं झालं होतं. सावित्रीबाई फुले त्याच साथीत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांना भीती वाटत नव्हती असं मला मुळीच वाटत नाही. भीती वाटत असतानाही त्यांच्या हाताला काम होतं, एवढं मात्र दिसतं.

तेव्हा प्लेग काढणारी माणसं काही वेगळ्या मातीची नव्हती. तीही घाबरलेलीच होती. आणि तुमच्यासारखी माणसं आजही कमी नाहीत. करोनाच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंतेचे विकार आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं होतं. त्यातली पुष्कळ माणसं रोज डबा घेऊन कामावर जाणारी, हसून बोलणारी असतात.

माझंच सांगते. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला, देशातला त्याचा पहिला मृत्यू ३ ऑगस्टला इथेच झाला. शाळा, थिएटरं बंद झाली आणि मी मोठ्या शहाणपणाने सगळ्यांना सांगत फिरले की घाबरू नका. (पुण्यातल्या मुली स्कूटीवर डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळून आधीपासूनच फिरत होत्या, त्यांना कसलीच वेगळी तयारी करावी लागली नाही.) पुढे मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले करोनाचे रुग्ण पुण्यात सापडले, नायडू हॉस्पिटलचं नाव रोज टीव्हीवर यायला लागलं आणि माझा शहाणपणा आठ दिवसांत संपला. मी कोथिंबीर भांड्यांच्या साबणाने धुतली. किराणावाल्याची पावती इस्त्रीने गरम केली, ती काळी पडली, तेव्हा कळलं की तो थर्मल कागद असतो. त्या काळात मी फोनवरून लोकांना धीर द्यायचं काम करत होते, म्हणजे दिवसा धीर आणि रात्री इस्त्री. ‘काळजी घ्या, काळजी करू नका’ हे वाक्य मी त्या वर्षी किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. त्याने एकाही माणसाची काळजी कमी झालेली मी पाहिली नाही.

मग कशाने कमी होते? इथे मला मरीआईचा गाडा आठवतो. पूर्वी गावात पटकी आली की मरीआईला गाड्यात बसवायचे, वाजतगाजत ओढत न्यायचे आणि गावच्या शिवेबाहेर सोडून यायचे. कॉलऱ्याच्या जंतूवर याचा काडीचा परिणाम होत नव्हता आणि पुढच्या गावाला ती भेट कितपत आवडत असेल हा वेगळाच प्रश्न. अंधश्रद्धा म्हणून आपण ते सोडलं, ते बरंच झालं. पण मनाच्या बाजूने त्यात एक सोय होती. भीतीला रूप मिळायचं, ती एका जागी बसवली जायची, सगळे मिळून ती ओढायचे आणि शीव आली की हात सोडायचे. परत फिरताना ‘झालं’ असं म्हणता यायचं.

तुमच्या उकळण्याला शीव नाही.

पाण्याचंच घ्या. पाणी खळखळून उकळू लागलं की एक मिनिट तसंच उकळू द्यायचं, तेवढ्यात पिण्याच्या पाण्यातले रोगजंतू मरतात. कॅम्पिलोबॅक्टर असो, नोरोव्हायरस असो. जीबीएसच्या वेळी आपल्याकडे याच दोघांची नावं पुढे आली होती. आपल्या पुण्याच्या उंचीवर याहून जास्त काही लागत नाही. दुसऱ्यांदा उकळताना त्या पातेल्यात मारायला काही उरलेलं नसतं, तिसऱ्यांदा तर फक्त गॅस जळतो. हे तुम्हालाही माहीत असणार. तरीही तुम्ही तिसऱ्यांदा गॅस पेटवता, कारण तुम्हाला पाणी शुद्ध करायचं नाहीये, खात्री करायची आहे. आणि खात्रीचा उकळबिंदू नसतो. तिसरी उकळी दिल्यावर दहा मिनिटं बरं वाटतं, मग झाकण नीट बसलं होतं का, ओगराळं धुतलेलं होतं का, असं सुरू होतं. ती दहा मिनिटं बरं वाटतं ना, तिथेच गोम आहे. मेंदू एवढंच शिकतो की उकळलं म्हणून वाचलो. पुढच्या खेपेला तो आणखी जोरात मागणी करतो.

करोनातही नेमकं हेच झालं. पिशव्या, पुडे, नोटा धुण्यात आपली निम्मी शक्ती गेली. आजार मुख्यतः हवेतून पसरत होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं की विषाणू लागलेल्या वस्तूला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. आम्ही दुधाच्या पिशव्या घासत होतो आणि खिडक्या बंद ठेवत होतो. उलट करायला हवं होतं. पण पिशवी डोळ्यांना दिसते, हातात येते, धुता येते. हवा कशी धुणार? भीतीला हातात धरता येईल असं काहीतरी हवं असतं.

आता ते वाक्य. ‘पहाटे बेड मिळाला, पण उशीर झाला होता.’

रात्रभर फोन तुम्ही केलेत. घरातल्या इतरांनीही केले असतील, पण लिहिताना तुम्ही ‘मी’ लिहिलंय. आणि मला वाटतं, गेली चार वर्षं तुम्ही मनात एकच हिशेब करताय : अजून एक नंबर लावला असता तर? तासभर आधी सुरुवात केली असती तर? कोणीतरी रेमडेसिविर म्हटलं होतं, ते कुठूनतरी मिळवलं असतं तर? माझा अंदाज चुकत असेल तर माफ करा. पण तसं असेल, तर पाण्याची तिसरी उकळी हा तोच राहून गेलेला फोन आहे. तुम्ही अजून नंबर फिरवताय.

म्हणून दोन गोष्टी सांगते. त्या एप्रिलमध्ये आपल्या शहरात बेड नव्हते, ऑक्सिजनची मारामार होती, व्हेंटिलेटरसाठी माणसं पिंपरीपासून हडपसरपर्यंत फिरत होती. तुमच्या फोनच्या पलीकडे जे होतं तेच अपुरं होतं. त्यात तुमच्या बोटांचा वेग कमी पडला असं काही नव्हतं. आणि ज्या रेमडेसिविरसाठी लोकांनी दागिने गहाण टाकले, त्याने मृत्यू टळतात असा पुरावा तेव्हा नव्हता, म्हणून रुग्णालयातल्या करोना रुग्णांना ते देऊ नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच केली होती. ते न मिळाल्याचा सल मनात बाळगणारी किती घरं मला माहीत आहेत! प्रत्येक घराला मी हेच सांगते आणि प्रत्येक ठिकाणी आधी अविश्वास दिसतो, मग कोणीतरी रडतं.

तुमच्या दिरांचा निरोप राहून गेलाय. त्या दिवसांत दहाव्याला, तेराव्याला माणसं जमली नाहीत, भेटायला कोणी आलं नाही, घरात बसून कोणी त्यांच्या गोष्टी काढल्या नाहीत. शोक अर्धा राहिला की तो भीतीचा वेश घेऊन परत येतो, असं मी फार वेळा पाहिलंय. तुमच्या जाऊबाई, सासूबाई, मिस्टर, दोन्ही घरची मुलं, सगळ्यांनी एक रविवार काढा. तिथीची वाट बघायला नको. त्यांना आवडायचं ते जेवण करा, फोटो बाहेर काढा, त्यांच्या खोड्या, त्यांचा चिडखोरपणा, सगळं बोला. त्या रात्रीबद्दलही बोला. तुम्ही किती फोन केलेत हे बहुतेक त्या घरात कोणाला माहीतच नसेल. २०२० च्या आषाढीला वारी पायी निघू शकली नाही, तेव्हा पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. पद्धत मोडली, पण पादुका पोचल्या. चार वर्षं उशिराने आणि पंगतीशिवाय का होईना, तुमचाही निरोप पोचता करा.

रोजच्या वागण्याचं सांगते. नियम दिवसा, डोकं शांत असताना ठरवायचे आणि रात्री त्यांत काहीही वाढवायचं नाही. एका कागदावर सगळ्यांनी मिळून लिहा : पाणी एकदा खळखळून, एक मिनिट. भाज्या वाहत्या पाण्याने. चिकन पूर्ण शिजवून, कच्च्या चिकनची सुरी आणि पाट वेगळा. जेवणाआधी आणि शौचानंतर हात साबणाने. घरात कोणाला ताप-खोकला असला तर मास्क आणि खिडक्या उघड्या. संपलं. फ्रिजवर लावून टाका. रात्री मन म्हणेल, आज एकदाच जास्त करू या. तेव्हा कागदाकडे बोट दाखवा. सुरुवातीला फार अस्वस्थ वाटेल, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल सल्ला चुकला. ती अस्वस्थता चढते, टिकते आणि तुम्ही काहीही न करता उतरते. हे एकदा स्वतः पाहिलंत की पुढचं सोपं जातं. पहिले चार-पाच दिवस वाईट असतात.

वडापावाबद्दल माझं मत तुमच्या मुलाच्या बाजूने आहे. उकळत्या तेलातून समोर काढलेला वडा हा रस्त्यावरच्या खाण्यातला त्यातल्या त्यात सुरक्षित पदार्थ. शंका घ्यायचीच तर पातळ चटणीवर आणि पाणीपुरीच्या पाण्यावर घ्या, पावसाळ्यात तर नक्कीच. पहिल्या खेपेला तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर जा, गरम वडा, लसणाची कोरडी चटणी, आणि तुम्हीही एक खा. दोन दिवस पोटावर लक्ष ठेवाल, ठेवा. पुढच्या वेळी त्याला मित्रांबरोबर जाऊ द्या आणि आल्यावर ‘काय खाल्लंस’ एवढंच विचारा, ‘कुठल्या पाण्याने हात धुतलेस’ ते नको. नववीतला मुलगा आईच्या भीतीला कंटाळून खोटं बोलायला शिकतो. ते जीबीएसपेक्षा कितीतरी जास्त घरांत घडतं.

जीबीएस पसरतो म्हणजे नेमकं काय, हेही मनात स्पष्ट असू द्या. तो माणसाकडून माणसाला लागत नाही. पोटाचा किंवा दुसरा एखादा संसर्ग होऊन गेल्यावर काही थोड्या लोकांची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. जगभरात वर्षाला लाखात एक-दोघांना तो होतो. जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी आणि तुमच्या धायरीकडे एकदम बरेच रुग्ण निघाले, म्हणून ती गंभीर बाब होती आणि तेव्हा घाबरणं अगदी बरोबर होतं. बरे व्हायला आठवडे, महिने लागतात, पण बहुतेक रुग्ण बरे होतात.

सोसायटीचा ग्रुप म्यूट करा. सोडू नका, सोडलात की ‘मला काहीतरी कळायचं राहिलं’ हे नवीन सुरू होईल. बातम्या दिवसातून एकदा, दुपारच्या जेवणानंतर, छापील पेपरात. रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला.

आणि एक वही करा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ टॉमस बॉर्कोवेक यांनी १९८३ मध्ये अतिकाळजी करणाऱ्यांना एक साधी युक्ती करायला लावली होती : काळजीला ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा द्यायची. दिवसभरात काळजी आली की ‘साडेसहाला बघू’ म्हणून शब्दभर टिपून ठेवायची आणि साडेसहाला अर्धा तास बसून मनसोक्त काळजी करायची. ऐकायला पोरकट वाटतं. करून बघा. साडेसहाला वही उघडल्यावर सकाळच्या निम्म्या काळज्या वाचूनही कळत नाहीत की यात काय होतं. वेळ संपली की वही मिटायची आणि कुकर लावायला उठायचं. पुन्हा तेच, शीव.

तुमच्या मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या. येरवडा हा पुण्यात आपण शिवीसारखा वापरतो. तिथे माणसं उपचार घेतात आणि बरी होऊन घरी येतात. आजाराच्या जागेची थट्टा केली की घरातलं माणूस आजार लपवायला लागतं, १८९७ मध्ये लोक तापाचे पेशंट लपवत होते तसं. आणि साहेब, त्या ‘पाणी नीट उकळलंय ना?’ या प्रश्नाला एकदाच उत्तर द्या : ‘हो.’ दुसऱ्यांदा विचारलं तर प्रेमाने सांगा, ‘उत्तर दिलंय.’ दहा वेळा ‘हो’ म्हणणं आणि दहा वेळा चिडणं, दोन्हींनी भीती तेवढीच पोसली जाते. त्यापेक्षा शेजारी बसून कांदा चिरून द्या. भाऊ तुमचाही गेलाय. तुम्ही त्याबद्दल बोलल्याचं या पत्रात कुठे दिसलं नाही.

दोन-तीन आठवडे हे मनापासून करूनही धुण्या-उकळण्यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल, झोप येत नसेल किंवा जगण्यातच राम वाटेनासा झाला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं झालं तर मात्र दोन-तीन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि मदत घ्या. यासाठी बोलण्याचे उपचार आहेत, औषधं आहेत, दोन्ही चांगली लागू पडतात आणि आयुष्यभर घ्यावी लागतात असं नाही. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ हा क्रमांक, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

पुन्हा तशी साथ आली तर? येईल कधीतरी. कधी ते कोणाला सांगता येत नाही. त्यासाठी अर्ध्या पानाची तयारी करून ठेवा : फॅमिली डॉक्टर, जवळची दोन हॉस्पिटलं, विम्याची कागदपत्रं कुठे आहेत, सासूबाईंच्या गोळ्यांची यादी, घरातलं कोणी आजारी पडलं तर मुलगा कुठे राहील. अर्धं पान. पुरवणी जोडायची नाही. आणि निभावण्याचं विचाराल तर, २०२१ च्या त्या रात्री घरात फोन कोणाच्या हातात होता? भित्र्या माणसाच्या हातात घरचे फोन देत नाहीत.

तुमची,
सदरलेखिका

ता. क. : ऑक्सिमीटर फेकून देऊ नका, खरा ताप-खोकला असेल तेव्हा उपयोगी पडतो. पण हात गार असले किंवा नखांना गडद नेलपॉलिश असलं तर तो चुकीचा आकडा दाखवू शकतो, आणि घाबरलेल्या माणसाचे हात गारच असतात. आज त्यातले सेल काढा आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये घाला. बहुतेक रिमोटला तेच लागतात.